चिरलेला माणूस बसत नाही

सोलापूर,
रविवार, ८ मार्च

चि. श्रीशैल,

आशीर्वाद. अव्वाच्या डोळ्यांचे थेंब परवा अक्कलकोट गाडीच्या कंडक्टरकडे दिले आहेत. स्टँडवर जाऊन घेतलेस का ते कळव. एका वेळी एकच थेंब घालायचा, आणि उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची. ती टाकू देणार नाही. तू टाक.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. तू फोन स्पीकरवर लावतोस आणि अव्वा शेजारी बसलेली असते. म्हणून पत्र. हे तिला वाचून दाखवू नकोस.

इथे सगळं नेहमीचं. ऊन यंदा लवकर आलं. अकरावीच्या परीक्षा तोंडावर आल्यात, त्यामुळे वर्ग भरलेला असतो. मुलांना संख्याशास्त्र शिकवते ते तुला माहीत आहे, पण शनिवारी मी पुस्तक उघडत नाही. प्रत्येकाने एक बातमी किंवा जाहिरात आणायची आणि तिच्यातल्या आकड्याला प्रश्न विचारायचे. कितीपैकी? कुणी मोजलं? कुणाला मोजलं नाही? मुलांना ते आवडतं. मोठ्यांना खोटं पाडायची परवानगी मिळते ना.

काल एकाने एका शाळेच्या फलकाचा फोटो आणला. 'निकाल शंभर टक्के.' वर्गात हशा झाला, कारण दहावीला तिथेच शिकणारी दोन मुलं बाकावर बसली होती. त्यांना शाळेने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावलं होतं. नापास होतील असे आधीच बाहेर काढले की उरतात ते शंभर टक्के. दुसऱ्याने गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आणली, दहापैकी नऊ जणांना आराम. दहावा मेला का, असं कुणीतरी मागून विचारलं.

मग संस्कृती नावाच्या मुलीने एक कात्रण काढलं. 'गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्यात उष्माघाताचा एकही बळी नाही.' खाली चार ओळी. मुलं म्हणाली, मॅडम, यात काय विचारायचं, चांगलीच बातमी आहे. मी फळ्यावर एक मोठं शून्य काढलं. म्हटलं, शून्य दोन प्रकारे येतं. काही घडलं नाही म्हणून, किंवा घडलेलं मोजलं नाही म्हणून. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

या आकड्यात यायचं तर मेलेल्या माणसाला तीन दारांतून जावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं. तो दवाखान्यात पोचला पाहिजे. तिथे कुणीतरी त्याच्या अंगाचा ताप मोजून लिहिला पाहिजे. आणि शवविच्छेदन झालं पाहिजे. यातलं एक जरी दार चुकलं तरी तो उन्हाने मेला असं कुणी लिहीत नाही.

मुलांना उदाहरण लागतं. मी एक म्हातारा घेतला. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून एक गाव. तिथे माळावर सौर प्रकल्पाचं काम चालू आहे. म्हातारा पत्र्याच्या शेडमध्ये केबलची राखण करत बसतो. एका दुपारी तो पडतो. लोक धावतात, घागरीने अंगावर पाणी ओततात. कुणीही तेच करील. पण अंग वरून निवतं, आता ताप मोजून उपयोग नाही. त्याला दवाखान्यात न नेता घरी आणतात. आणि तिसरं दार त्यांच्या समाजातच बंद असतं. त्यांच्यात मेलेल्याला आडवं ठेवत नाहीत. अंग ताठायच्या आत मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, आणि समाधीतही बसवूनच ठेवतात. चिरलेला माणूस बसत नाही, अशी त्यांची समजूत आहे.

झीनत म्हणून एक मुलगी आहे, फारशी बोलत नाही. तिने विचारलं, "मग त्या म्हाताऱ्याला कशात लिहिलं, मॅडम?"

मी म्हटलं, हृदयविकारात.

ती म्हणाली, "म्हणजे तो दुसऱ्याच कुणाच्या आकड्यात गेला."

मी हो म्हटलं आणि फळा पुसला.

असो. लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या मे महिन्यात तू बारा ते चार काम बंद ठेवलं होतंस. बरं केलंस. यंदाही तसंच ठेव, आणि मे उजाडायची वाट पाहू नकोस. तुझ्या हाताखाली पन्नासएक माणसं आहेत, बहुतेक आपल्याच गावची. त्यांचा मुकादम तू आहेस, कंपनीचा मॅनेजर नाही. तो काय म्हणेल ते म्हणू दे. निंगप्पा तर घरचाच. आत्त्याच्या मागे तिचा तेवढाच आहे.

अव्वा परवा फोनवर पुन्हा तेच विचारत होती. अप्पांच्या छातीत कधी दुखलं नाही, मग हार्ट कसं. तिला काहीतरी सांग. मला सांगता येत नाही.

तुझी अक्का,
जगदेवी

*

सोलापूर,
२९ मार्च

चि. श्रीशैल,

आशीर्वाद. युगादीच्या सणाला गावी आले, पोटभर जेवले आणि भांडून निघाले. अव्वाने बांधून दिलेल्या पुरणाच्या होळग्या गाडीत शेजारच्या बाईला दिल्या. तिला सांगू नकोस.

माझं पत्र मिळालं होतं हे तू बोलला नाहीस, पण तुझ्या उत्तरावरून कळलं. जेवणाचे डबे घेऊन तुझ्याबरोबर साइटवर आले तेव्हा ते कात्रण पाहिलं. संस्कृतीने वर्गात आणलं होतं तेच. मॅनेजरने प्लास्टिकमध्ये घालून शेडच्या पत्र्यावर चिकटवलंय. अप्पा ज्या खांबाला टेकून बसायचे, त्याच्या बरोब्बर वर. मी वाचत उभी राहिले तर निंगप्पा मागून म्हणाला, "वाचलीस का, अक्का? आता आमाला मरायची बंदी हाय. पेपरातच आलंय की."

सगळे हसले. मीही हसले. तू हसला नाहीस, ते मी पाहिलं.

यंदा बारा ते चार बंद नाही, असं तू सांगितलंस. काम मागे पडलंय, पावसाच्या आत खांब उभे झाले पाहिजेत, नाहीतर कंपनी दुसरा मुकादम बघेल. मी बोलायला लागले तर तू म्हणालास, "अक्का, पन्नास माणसं उन्हाळाभर कामावर. मेली किती? एक म्हातारा. तोबी हार्टनं. टक्का काढ की. तूच शिकवतीस न्हवं?"

माणसं जेवत होती, म्हणून तिथे गप्प बसले. टक्का काढला आहे, तो लिहून पाठवते.

पन्नास हा तुझ्या संध्याकाळच्या हजेरीतला आकडा आहे. उन्हाळ्यात दर आठवड्याला कुणीतरी चक्कर येऊन, उलट्या होऊन काम सोडतो. त्याच्या जागी दुसरा येतो आणि हजेरी पुन्हा पन्नासच भरते. गेलेला घरी जाऊन बरा झाला, की हद्दीपलीकडे बायकोच्या माहेरी जाऊन मेला, तुला माहीत नाही. मलाही नाही. जे टिकले तेवढ्यांनाच मोजायचं आणि म्हणायचं, ऊन बाधत नाही. शंभर टक्के निकालवाली शाळा हेच करते.

आणि पेपरातलं तापमान सावलीतलं असतं. वारा खेळेल अशा पांढऱ्या पेटीत मोजलेलं. निंगप्पा पेटीत काम करत नाही.

त्यानेच मला मोटरसायकलवरून स्टँडवर सोडलं. वाटेत म्हणाला, श्रीशैलला लई बोलू नको, बारा ते चार बसलो तर मॅनेजर बिदरकडची माणसं आणील, मग आमी कुटं जायचं. मी म्हटलं, अरे पण डोक्यावर काय घेतोस? म्हणाला, वला टॉवेल. सोलापुरीच हाय, चांगला जाड. आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. लहानपणी विहिरीत उडी मारायच्या आधी हसायचा तसा.

त्याच्यावर विनोद करायची वेळ येऊ देऊ नकोस. काम सोड म्हणत नाही. पहाटे लवकर सुरू कर, दुपारी थांब, चारनंतर पुन्हा लाव. गेल्या वर्षी तूच केलं होतंस.

का केलं होतंस, ते मी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

तुझी अक्का,
जगदेवी

*

सोलापूर,
बुधवार, १३ मे, सकाळ

श्रीशैल,

शवागाराच्या बाहेर एक चिंच आहे, तिच्याखाली बसून लिहिते आहे. निंगप्पा आत आहे. त्याची सुगला माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली आहे. डोळे मिटलेत, पण झोपलेली नाही. बसलिंगप्पा मामा फाटकाबाहेर तुझ्या गाडीत जाऊन बसलेत. ते माझ्याशी बोलत नाहीत.

तुला सगळं माहीत आहे असं तू धरलं असशील. तुला मामांनी फोनवर सांगितलं तेवढं माहीत आहे.

काल दुपारी तो पडला तेव्हा तू साइटवर होतास. तुम्ही त्याला पिकअपमध्ये घातलं, हे चांगलं केलं. घरी नेलं नाही. सुगला पुढे बसली होती, ती वाटेत मागे त्याच्याजवळ गेली. अक्कलकोटला दवाखान्यातल्या नर्सने बर्फ मागवला, पण तो यायच्या आधी त्याच्या काखेत थर्मामीटर लावलं आणि आकडा कागदावर लिहिला. एकशे आठ. मग ॲम्ब्युलन्सने सोलापूरला पाठवलं. वळसंगच्या पुढे त्याचा श्वास थांबला. सुगलाला कळलं होतं. तिने ड्रायव्हरला सांगितलं नाही. सांगितलं तर तो गाडी हळू करील, असं तिला वाटलं.

मी पोचले तेव्हा ती फरशीवर बसली होती. त्याच्या डोक्याचा टॉवेल हातात होता. वाळून कडक झालेला.

तुझा फोन तेव्हाच आला. "अक्का, सुगलाला सांग, चिरू देऊ नको. बाकीचं मी बघतो. समाधीची जागा साफ करायला माणसं लावली हायेत. अंधार पडायच्या आत आणा." तुझा आवाज स्थिर होता. गेल्या वर्षीही असाच होता.

मी फोन ठेवला तोवर मामा डॉक्टरबाईंपुढे उभे होते. तरुण बाई, दिवसभराच्या कामाने थकलेली. तिने विचारलं, आधीचा काही आजार? मामा म्हणाले, दोन वर्षांपासून त्याच्या छातीत दुखायचं. ती लिहायला लागली. मला तो कागद दिसत होता. दोन ओळी झाल्या असत्या की निंगप्पा दुसऱ्याच कुणाच्या आकड्यात गेला असता.

सुगला खालूनच म्हणाली, "अक्का, ह्यांच्या छातीत कवा दुखलं?"

अव्वाचा प्रश्न. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

डॉक्टरबाईंनी पेन थांबवलं. मामांनी सुगलाला गप्प बसायला सांगितलं. भरपाईच्या पैशासाठी नवऱ्याला चिरलं म्हणेल गाव, असं म्हणाले. मग मामा आवाज खाली आणून, खरोखर मायेने म्हणाले, "चिरलेला माणूस बसत न्हाई, पोरी. त्याला काय आडवा घालून पुरायचं? चनबसप्पाला बसवला होता तू बघितलीस की. कसा बसला होता. देवावानी."

मामा वाईट नाहीत, श्रीशैल. त्यांना खरंच तसं वाटतं. मलाही लहानपणापासून तसंच वाटत आलंय. शहरात राहून, वर्गात शिकवून ते गेलेलं नाही.

सुगलाने माझ्याकडे पाहिलं. "अक्का, अप्पा बसले होते न्हवं?"

मी तिला काय सांगितलं ते तुला लिहिते. तुझ्याशी यावर मी कधी बोलले नाही, आणि तूही नाहीस.

त्या दिवशी मी सोलापूरहून पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. तुम्ही अप्पांना सोप्यात भिंतीला बसवलं होतं, छातीभोवती पांढरं कापड घेऊन मागच्या खुंटीला बांधलं होतं. बायका भजन म्हणत होत्या. मी पाया पडले आणि त्यांच्या गालाला हात लावला. गाल गरम होता. केस ओले होते, आणि ओल्या केसांखाली टाळू तव्यासारखी. दुपारी गेलेला माणूस. मी वर पाहिलं तर तू माझ्या हाताकडे पाहत होतास. मी हात काढून घेतला आणि बायकांत जाऊन बसले.

हृदय बंद पडलेला माणूस असा तापत नाही. हे मला त्या क्षणी कळलं, आणि तुला माझ्याआधी कळलं होतं. नाहीतर तू दुसऱ्या दिवसापासून बारा ते चार काम का बंद ठेवलं असतंस? कुणाचं हृदय बंद पडलं म्हणून कुणी माळावरचं दुपारचं काम थांबवत नाही.

वर्षभर मी स्वतःशी म्हणत होते, त्याला कळलंय, त्याने काम थांबवलंय, एवढं पुरे. मग ते कात्रण आलं. तुझ्या बापाचं मरण त्या शून्यात होतं, आणि ते शून्य तू त्याच्याच डोक्यावरच्या पत्र्याला लावू दिलंस. मॅनेजरने चिकटवलं, हे खरं. काढायला तुला हात होते.

हे सगळं मी सुगलाला सांगितलं. मामांच्या समोर, डॉक्टरबाईंच्या समोर. तापलेल्या टाळूपर्यंत सगळं. मामा म्हणाले, "बापाची आब्रू दवाखान्यात काढलीस," आणि बाहेर गेले.

सुगला बराच वेळ त्या टॉवेलची घडी घालत बसली. घालायची, उलगडायची. मग उठली आणि डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, बसतील का न्हाई? त्या म्हणाल्या, अंग आता ताठत चाललंय, पण ते कायम ताठ राहत नाही, पुन्हा सैल पडतं, या उन्हात तर लवकरच. उद्या दुपारपर्यंत बसवता येईल. टाके घट्ट घालायला सांगते. पण तसा शब्द देत नाही.

"न्हाई बसलं तर निजवू," सुगला म्हणाली. "पर कशानं मेले ते लिवा."

पंचनाम्याला हवालदार आले. पंच म्हणून सही करायला त्यांनी आपल्या माणसांना विचारलं. पिकअपबरोबर आलेले चौघे एकेक करून चहाला निघून गेले. ज्यांच्याबरोबर निंगप्पा रोज भाकरी खायचा, ते. त्यांना दोष देत नाही. उद्या त्यांना तुझ्याकडेच कामावर यायचंय. शेवटी ज्यांच्या रिक्षातून मी आले होते, त्या हुसेनसाबनी सही केली. त्यांना मी आधी कधी पाहिलंही नव्हतं. म्हणाले, "मैयत के सामने झूट नको, मॅडम." दुसरी सही समोरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलाची.

एवढं लिहिलं आणि आतून हाक आली, शवविच्छेदन झालं. झाकून बाहेर आणला तेव्हा मी त्याचा गुडघा हळूच वाकवून पाहिला. वाकला. सुगलाने पाहिलं.

आता पुढचं. अहवाल यायला दिवस लागतील. मग एक समिती बसेल. ती उष्माघात लिहील किंवा लिहिणार नाही. दारू प्यायचा का, आधी आजारी होता का, सगळं उकरतील. तिन्ही दारांतून गेला तरी आकड्यात येईलच असं नाही. आला तर पुढच्या वर्षी पेपरात छापतील, जिल्ह्यात उष्माघाताचा एक बळी. शून्यावरून एक. याची टक्केवारी निघत नाही, भागायला खाली काही नसतं. मुलांना हे मी दरवर्षी शिकवते. ती नेहमी विचारतात, मग किती वाढ झाली म्हणायची, मॅडम? मी सांगते, अशा वेळी आकडा बाजूला ठेवायचा आणि माणसाचं नाव घ्यायचं.

अप्पा आता कशातच येणार नाहीत. त्यांची दारं बंद झाली ती झाली. समाधी उघडूनही काही सापडणार नाही, हेही डॉक्टरबाईंना विचारलं मी. ऊन हाडांवर खूण ठेवत नाही.

हे सगळं तुला सांगायचंच होतं. पण जे सांगण्यासाठी पत्र लिहायला घेतलं, ते अजून लिहिलेलं नाही.

हवालदारांनी मला विचारलं, त्या जागेवर याआधी कुणी असं पडलं होतं का. मी हो म्हटलं. कोण, म्हणाले. मी अप्पांचं नाव सांगितलं. कामावर कुणी ठेवलं होतं, म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं. गेल्या वर्षी तू दुपारचं काम बंद ठेवलं होतंस, यंदा ठेवलं नाहीस, तेही सांगितलं. मॅनेजरचंही नाव दिलं. पण साहेब लोकांची नावं कागदावर किती टिकतात ते तुलाही माहीत आहे. तुझं टिकेल. मी सही केली आहे.

ते आज किंवा उद्या गावात येतील. शेडवरचं कात्रण काढू नकोस. त्यांना ते तिथेच दिसू दे.

तू माझा धाकटा भाऊ आहेस. तापात तुला मी मांडीवर घेऊन बसले आहे. मला वाटत होतं, असं काही करायची वेळ आली तर माझ्याकडून सही होणार नाही. झाली. त्याचंच वाईट वाटतं.

खड्डा खणणाऱ्यांना सांग, आतला कोनाडा नेहमीपेक्षा थोडा रुंद ठेवा. तो बसेल. टाके छातीपासून खाली पोटापर्यंत आहेत, मांडी घालताना ताण येऊ नये म्हणून दोघांनी मागून, काखेतून धरायला हवं. दोघांतला एक तू हो. कुणी नको म्हटलं तरी हो. त्याचा पूर्ण भार अंगावर घे, आणि स्वामींचे मंत्र संपेपर्यंत सोडू नकोस.

निंगप्पाला न्यायची गाडी फाटकाशी लागली आहे. मामा तुझ्या गाडीने पुढे निघाले. मी येत नाही. मी आले तर लोक माझ्याकडे पाहतील, आणि आज त्यांनी निंगप्पाकडे पाहायला हवं. पत्र सुगलाच्या हाती देते. गावात पोचताच ती तुला देईल, तो बसल्यावर नाही.

हे अव्वाला वाचून दाखव. पहिल्या पत्रात नको म्हटलं होतं, आता हो म्हणते. वर्षभर ती विचारत होती त्याचं उत्तर यात आहे. तू वाचलं नाहीस तर सुगला वाचेल. ती सातवीपर्यंत शिकली आहे.

चनबसप्पांची मुलगी,
जगदेवी